चिमाक्काची खोली

त्या राज्याला बाहेर नव्हते. आत मात्र भरपूर होते. राज्य गोल होते, चहूकडून एका जाड हिरव्या भिंतीने बंद होते, आणि सगळ्या रहिवाशांच्या पाठी भिंतीकडे व तोंडे मध्याकडे असत. पलीकडून जाणाऱ्या एखाद्याला तिथे उंबराच्या खोडाला लगडलेले एक कच्चे फळ तेवढे दिसले असते. पण बाहेरच नसल्यामुळे पलीकडून कोणी जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही, असे आतले अधिकृत मत होते.

रहिवासी म्हणजे फुले होती. उजेड कधी न पाहिल्यामुळे आपण फुले आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नव्हते. अंधारात समोरासमोर उभे राहून एकमेकींविषयी बोलणे हा तिथला मुख्य व्यवसाय. प्रत्येकीला एकच खोली मिळालेली होती. त्या खोलीत एक बी धरायची, एवढ्यासाठी जन्म.

यांत दोन वर्ग होते. लांबमान्यांची खोली थेट भिंतीला लागून असे आणि तिथून त्यांची लांब मान वर निघे. आखूडमान्यांची खोली एका उंच देठावर, राज्याच्या मध्याकडे सरकलेली असे, आणि तिच्यावर लगेच डोके. त्यामुळे डोकी सगळ्यांची एकाच पातळीवर येत. नुसती डोकी चाचपून कोण कुठल्या वर्गातली हे कोणालाही सांगता आले नसते, म्हणून लांबमान्यांना ते वरचेवर बोलून सांगावे लागे.

दाराजवळ थोडी पुरुषफुले होती. ती परागाची पोती उशाला घेऊन झोपलेली असत. त्यांच्यातले वडीलधारे तात्या अधूनमधून जागे होऊन म्हणत, "आमचं काम शेवटी असतं," आणि पुन्हा झोपत. त्यांच्याविषयी कोणी तक्रार करत नसे. प्रत्येक राज्यात असा एक विभाग असतोच.

लांबमान्यांच्या पुढारी कुलवंताबाई होत्या. त्यांना कोणी निवडले नव्हते, पण त्यांचा आवाज मोठा होता.

एकदा दार हलले. ते दार म्हणजे एकावर एक बसलेल्या खवल्यांची थप्पी होती. खवल्यांमधून डोके खुपसत, घासत, ओरबाडत, चिलटापेक्षाही लहान अशी एक पाहुणी आत आली. तिच्या पाठीवर पंखांचे नुसते खुंट उरले होते.

"अगं बाई, हिला पंख होते की काय?" कोणीतरी विचारले.

"होते. दारात राहिले," पाहुणी म्हणाली. "तुमचं दार फार चोख आहे हो. नको ते सगळं काढून घेतं."

"आणि परत कशा जाणार?"

"परत जायला कोण आलंय?"

तिच्या मागून तशाच आणखी काही पाहुण्या शिरल्या आणि दार मिटले. पाहुणीच्या छातीशी दोन पिशव्या होत्या, त्यांत पराग होता. परागावाचून बी धरत नाही हे कुलवंताबाईंना माहीत असल्यामुळे त्यांनी पहिला मान स्वतःकडे घेतला.

"कुठला आहे हा?"

"लांबचा."

"लांबचा म्हणजे पार दाराजवळचा असेल. घर चांगलं आहे ना?"

"दार होतं त्या घराला. याहून जास्त चौकशी मी केली नाही," पाहुणी म्हणाली आणि तिने पराग वाटायला घेतला. वाटताना तिने कोणाची मान मोजली नाही.

वाटप झाल्यावर तिने आपले काम काढले. तिच्याजवळ अंडी होती आणि एकेका अंड्याला एकेक खोली हवी होती. तिने कुलवंताबाईंच्या मानेतून आपली बारीक सुई खाली सोडून पाहिली, पण सुई तळापर्यंत पोचली नाही.

"आमची ना नाही हं," कुलवंताबाई म्हणाल्या. "तुमचाच हात पोचत नाही, त्याला आम्ही काय करणार? मधल्या घरांत विचारा. तिथं काहीही चालतं."

मधल्या घरांत पहिली चिमाक्का होती. पाहुणी पाय ओढत तिच्या डोक्यावर चढली.

"बसा आधी," चिमाक्का म्हणाली. "एकच खोली आहे हो माझी."

"माहीत आहे, म्हणून विचारते. माझं अंडं ठेवलंत तर तुमची बी होणार नाही. वर माझी लेक मोठी झाली की निघून जाईल, ओळखसुद्धा देणार नाही."

"लांबमान्या तरी आम्हाला कुठं ओळख देतात? ठेवा."

पाहुणीने अंडे ठेवले, शेजारच्या आखूडमान्यांकडेही ठेवले, आणि चिमाक्काच्या डोक्याशी टेकली ती पुन्हा उठली नाही. पराग घेताना ज्यांनी तिला 'बाई' म्हटले होते, त्यांनीच आता राज्यात अस्वच्छता वाढल्याची तक्रार केली.

लांबमान्यांच्या खोल्यांत बिया धरल्या. त्या बारीक, कडक आणि शिस्तशीर होत्या. आखूडमान्यांच्या खोल्या मात्र फुगू लागल्या. त्यांच्या गाठी झाल्या आणि त्या गाठी आतून हलू लागल्या.

"चिमे, सूज उतरली का गं?"

"सूज नाही ती. लेक आहे."

"आमच्या बिया बघ, कशा गप्प बसतात."

"त्या कशाला हलतील? तुमच्यावर गेल्यात. जागच्या जागी मोठ्या व्हायच्या."

हे उत्तर कुलवंताबाईंना लागले. त्यांनी सभा घेतली. त्या राज्यात सभा बोलवावी लागत नसे, कारण सगळ्याजणी आधीच समोरासमोर होत्या. सभा सुरू झाली एवढे जाहीर केले की पुरे. ठराव असा झाला की देठातून येणारा रस हा मुळात बियांसाठी असून गाठींवर त्याचा अपव्यय होत आहे, तरी तो त्वरित थांबवावा. अनुमोदन लांबमान्यांनी दिले. आखूडमान्यांना बोलायची संधी होती, पण ती कधी आली आणि कधी गेली हे त्यांना कळले नाही.

अंमलबजावणी सोपी होती. रस भिंतीतून येई आणि लांबमान्या भिंतीलाच टेकलेल्या होत्या. त्यांनी वाटेतच दुप्पट ओढायला सुरुवात केली. मधल्या घरांपर्यंत ओल तेवढी पोचू लागली.

चिमाक्काची लेक एरवी सारखी कूस बदलायची. आता ती क्वचित हलू लागली. चिमाक्काने तिला हाका मारल्या. मग तिने आपल्या डोक्याकडे चढणारा रस अडवला आणि तो सगळा खोलीत उतरवला. डोके सुकून काळे पडले. खोलीतून बऱ्याच वेळाने एक लहानशी ढुशी बसली.

"डोकं वाळवून घेतलंस? वेडी का खुळी!" शेजारीण म्हणाली.

"बोलण्यापुरतं उरलंय," चिमाक्का म्हणाली. "तेवढं पुष्कळ झालं."

बिया काही काळ छान पोसल्या. कुलवंताबाईंनी ठरावाच्या यशाबद्दल दोन शब्द सांगितले. आणि मग रस सगळ्यांचाच कमी झाला.

याचे कारण राज्यात कोणाला सुचण्यासारखे नव्हते. कचेरीत नोकरी केलेल्यांना ते समजेल. वरचे झाड ज्याच्या-त्याच्या ओढीप्रमाणे रस सोडत असे, आणि सगळ्यांत जास्त ओढ गाठींची होती. गाठींची मागणी घटली, तेव्हा वरून मंजुरीही घटली. इथे फारसे काही चालू दिसत नाही, असा शेरा मारून झाडाने देठ सैल करायला घेतला.

प्रथम एक करकर ऐकू आली. मग कुठेतरी धप्प असा आवाज झाला. शेजारचे एक राज्य जमिनीवर पडले होते, पण शेजार असा काही नसल्यामुळे तो आवाज झालाच नाही असे ठरले.

"देठ बोलतोय," तात्या झोपेतून म्हणाले. "आमचं काम व्हायच्या आत बोलतोय. हे काही बरं नाही."

भिंत हलली. बियांच्या खोल्या थंड पडू लागल्या. कुलवंताबाईंची बी अजून कोवळी होती. भीती वाटली की माणूस ज्याला टाकून बोललेला असतो त्याच्याशीच बोलू पाहतो. फुलांचेही तसेच असावे.

"चिमे, जागी आहेस?"

"आहे की."

"तुझी ती... हलतेय का अजून?"

"थोडी."

"एवढी कशाला जपतेस तिला? ती तुझी नाही, जाणार म्हणतेस, ओळखही देणार नाही म्हणतेस."

"जायलाच तर हवी. इथं राहून काय करील?" चिमाक्का म्हणाली. "तुम्ही बी कशासाठी धरलीत?"

"बी धरायचीच असते."

"ते झालं. पण पुढं ती कुठं जाणार?"

कुलवंताबाईंनी मनातल्या मनात जागा शोधून पाहिली. बाहेर नव्हते, आणि आत तर सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या. देठ पुन्हा करकरला, या वेळी जास्त जवळून. कुलवंताबाई घाबरल्या होत्या, पण मूर्ख नव्हत्या. रस आटला तो ठरावानंतर, एवढे त्यांना आठवत होते.

त्यांनी पुन्हा सभा घेतली. ठराव मागे घेतला असे कुठेही म्हटले गेले नाही. त्याच्या अंमलबजावणीस पुढील सभेपर्यंत स्थगिती देण्यात आली, आणि पुढील सभा सुरू झाल्याचे कोणी कधी जाहीरच केले नाही. लांबमान्यांनी आपापल्या वाट्यापुरता रस घेतला आणि बाकीचा वाटेने जाऊ दिला. गाठींनी तो अधाशासारखा ओढला. वर झाडाने दखल घेतली. देठ घट्ट झाला. चिमाक्काच्या खोलीत लेकीने अशी कूस बदलली की शेजारणींनाही धक्का बसला.

"सांभाळ गं तिला!"

"तीच सांभाळतेय मला," चिमाक्का म्हणाली.

मग एके दिवशी काही गाठी आतून कुरतडल्या गेल्या आणि त्यांतून मुलगे बाहेर आले. त्यांना पंख नव्हते, डोळे नावापुरते होते, पण जबडे भक्कम होते. त्यांनी शेजारच्या, लेकी असलेल्या खोल्यांना भोके पाडली आणि भिंतीतूनच लग्ने उरकली. चिमाक्काच्या खोलीलाही गोल भोक पडले. जावई कोण होता हे विचारेपर्यंत तो पुढे गेला होता. सगळे मुलगे दाराजवळच्या भिंतीला लागले आणि एकमेकांच्या अंगावरून चढत तिला पोखरू लागले. ते कशासाठी खणत आहेत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी विचारलेही नाही.

"आता आमचं काम," तात्या म्हणाले, आणि कधी नव्हे ते खरोखरच उठले. पुरुषफुलांनी पोती सोडली.

चिमाक्काची लेक खोलीतून बाहेर आली. तिने मिशा पुसल्या, पंख झटकले, कुलवंताबाईंच्या डोक्यावर पाय देऊन ती दाराकडे गेली, तात्यांच्या पोत्यातून पिशव्या भरून घेतल्या आणि भिंतीशी उभी राहिली. तिने मागे वळून पाहिले नाही. चिमाक्काने हाक मारली नाही.

भिंत आरपार झाली. मुलगे पलीकडे कोसळले, लेकी त्यांच्यावरून उडाल्या, आणि राज्यात पहिल्यांदा उजेड आला.

मऊ पडत चाललेली भिंत लाल दिसू लागली होती. कुलवंताबाईंनी डोळ्यांना सवय होऊ दिली आणि समोर पाहिले. एकाच पातळीवर, एकाच रंगाची, एव्हाना सारखीच वाळलेली असंख्य डोकी पसरली होती. मान कोणाचीच दिसत नव्हती. या गर्दीत चिमा कोणती हे त्या शोधू लागल्या आणि त्यांना ते काही केल्या उमगेना. मग उजेड थोडा आत सरकला. मधोमध, एका काळ्या सुकल्या डोक्याखाली, रिकाम्या खोलीच्या गोल भोकातून तो आत शिरला होता, आणि पातळ भिंतींची ती खोली कंदिलासारखी उजळली होती. तिच्यातून निघालेला एक कवडसा थेट कुलवंताबाईंच्या खोलीशी, त्यांच्या बीवर येऊन थांबला होता.