नीलांबेची वेस

आपल्या खापरपणज्यांच्याही आधीची ही गोष्ट. तेव्हा चंदनखेड हे एवढंसं गाव नव्हतं, राजधानी होती, आणि तिथं सम्राज्ञी नीलांबा राज्य करायची. ऐन विशीत तिचा नवरा लढाईत पडला. पदरी तान्ही पद्मला, आणि शेजारचे राजे मुलूख वाटून घ्यायला टपलेले. नीलांबा लेकीला मांडीवर घेऊन दरबारात बसली आणि बारा वर्षांत सात प्रांतांची धनीण झाली. तिची नजर पडली की उधळलेला हत्ती गुडघे टेकायचा, असं म्हणतात.

पद्मला मोठी झाली, लग्न होऊन दूर दक्षिणेला गेली. आणि मग मरी आली.

खालच्या मुलखातली गावंच्या गावं ओस पडली. नीलांबेनं वेशीची कवाडं लावून घेतली आणि दवंडी पिटवली, एकवीस दिवस कुणी आत येणार नाही, कुणी बाहेर जाणार नाही. दुसऱ्याच दिवशी कान्हू साळी तिच्यापुढे आला. त्याची पोटुशी बायको माहेराहून परतून वेशीबाहेर उभी होती. एवढी एक आत घ्या म्हणून त्यानं पायांवर डोकं ठेवलं. नीलांबेनं पाय मागे घेतले नाहीत आणि वेसही उघडली नाही. तटावरून टोपलीत भाकरी तेवढी सोडली जायची. चौथ्या दिवशी टोपली भरलेलीच वर आली.

सातव्या दिवशी पद्मला आली. सासरी मरीनं कुणी उरलं नव्हतं. पालखीचे भोईही वाटेत गेले. शेवटचे दोन कोस ती अनवाणी चालली होती. तिनं कवाडावर थाप मारली.

"आई, मी आलेय."

सगळं नगर वेशीपाशी जमलं. मग कान्हू पुढे झाला.

"उघडा, बाईसाहेब. माझी गेली. तुमची तरी घरी येऊ द्या."

नीलांबा त्याच्याकडे वळली. "हिला उघडलं, कान्हू," ती म्हणाली, "तर तुझी उगाच मेली असं होईल."

आणि सात प्रांतांची ती धनीण कवाडाला पाठ टेकून मातीत बसली. पलीकडून पद्मलाही तशीच बसली. मध्ये वीतभर जाडीचं सागवान. तीन दिवस दोघी बोलत होत्या. सासरच्या डाळिंबाला यंदा किती फुलं धरली होती, तिकडचा आंबट भात पहिल्यांदा कसा घशाखाली उतरेना. नीलांबा मधूनच हसायचीसुद्धा. तिसऱ्या दिवशी पद्मला म्हणाली, "मला ताप चढलाय. उघडलं नाहीस ते बरं केलंस, आई." त्यानंतर ती बोलली नाही. नीलांबा मात्र सांजेपर्यंत बोलत राहिली. ती उठली तेव्हा तिचे केस कापसासारखे पांढरे झाले होते, आणि तिनं पाठ टेकलेलं शंभर वर्षांचं वाळकं सागवान ओलं झालं होतं, असं म्हणतात.

नगरात मरीनं एकही माणूस गेला नाही.

एकवीस दिवस सरले, अडसर काढला, तर कवाडं हलेनात. हत्ती जुंपले, साखळदंड तुटले. शेवटी नीलांबेनं तळहात टेकवला. "पद्मे, आले गं," एवढंच म्हणाली, आणि कवाडं सरकली. पद्मला डोळे मिटून बसलेली होती, नुकताच डोळा लागावा तशी. जराशा अंतरावर कान्हूची बायकोही तशीच, असं म्हणतात. नीलांबेनं तीच कवाडं फोडायला लावली आणि त्या लाकडांच्या दोन चिता शेजारी शेजारी रचल्या.

पुढे अकरा वर्षं तिनं राज्य केलं, पण दरबार वेशीतच भरायचा.

आता तट ढासळलाय, वेस तेवढी उभी आहे. तिला कुणी कवाडं बसवत नाही. चंदनखेडची लेक माहेरी आली की अजून वेशीबाहेर थांबते, मग ती नवी नवरी असो की सत्तरीची म्हातारी. घरचं माणूस येतं, तिला हाताला धरून आत नेतं. आणि जिच्या माहेरी कुणीच उरलेलं नसतं, तिला आणायला साळी आळीतली बाई जाते. तो मान त्यांचा आहे.