ठमी आणि चंपी

“बाई, ज्या भाषेत पॉइंटरच नाहीत, तिथे पॉइंटरची चूक होईलच कशी?”

सौमित्रने लॅपटॉप झोपाळ्यावर जवळजवळ आपटलाच.

नलूबाई राजापूरच्या कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवून निवृत्त झालेल्या, आणि सौमित्र त्यांचा लाडका. लाडका असल्याचं गावभर तोच सांगत फिरायचा. सी भाषा बाईंनी त्याच्याकडून घोटून घेतली होती. पॉइंटर म्हणजे पत्ता, वस्तू कुठल्या खणात आहे ते सांगणारा. आता स्वारी नव्या भाषेत शिरली होती आणि सी म्हटलं की नाक मुरडत होती.

गाडी अडली होती बुद्धिबळावर. उद्या सगळ्या कॉलेजसमोर त्याचा प्रोग्रॅम खेळणार होता, आणि फुशारक्या तर केव्हाच मारून झाल्या होत्या. पण प्रोग्रॅम भलताच उतावळा निघाला. खेळी आधी अजमावून बघायला सौमित्रने खऱ्या पटाची नक्कल केली होती, कच्चा पट. कच्च्या पटावर घोडा हलवला की खऱ्या पटावरचाही हलायचा. पठ्ठ्या विचार करता करता खेळूनच मोकळा. उद्या आपलं हसं होणार, हे सौमित्रने सांगून टाकलं.

नक्कल केलीस कशी, असं बाईंनी विचारलं.

“कच्चा पट बरोबर खरा पट. एक ओळ. सी मध्ये एवढ्यावर दुसरा पट मिळायचा.”

बाई गालातल्या गालात हसल्या. आत जाऊन दुधाची वाटी घेऊन आल्या.

“हे आमच्या ठमीला दे. शेजारच्या चंपीला मात्र थेंबही नको, आधीच सुटलीय ती.”

“ठमी असते कुठे?”

“सी मध्ये असतास तर सांगितलं असतं, चुलीमागे. मग तिथे ठमी असो की विंचू, तू हात घातलाच असतास... आता नुसती हाक मार.”

त्याने हाक मारली. कौलांवरून एक गुबगुबीत मांजर उतरली आणि तिने वाटी चाटूनपुसून साफ केली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून गोगटेकाकूंची हाक आली, “चंपे, ये गं, दूध घातलंय.”

ठमीने मिशा पुसल्या, कुंपणावर उडी मारली आणि पलीकडे गेली.

सौमित्र बघतच राहिला.

“म्हणजे... चंपी म्हणजे...”

बाई झोपाळा हलवत राहिल्या.

मग त्याला असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. कच्चा पट म्हणून त्याने नुसतं दुसरं नाव ठेवलं होतं. पट एकच होता, ठमीसारखा, दोन्ही हाकांना ओ देणारा.

“बाई, इथे पॉइंटर नाहीत असं कोण म्हणतं? इथे पॉइंटरशिवाय काही नाहीच, प्रत्येक नाव म्हणजे पॉइंटर.”

“बरं झालं, कळलं.”

“पण मग दुसरा पट आणू कुठून?”

बाई उठल्या. पडवीच्या कोपऱ्यात एक टोपली पालथी घातली होती, ती त्यांनी अलगद उचलली. आत जुन्या लुगड्यावर तीन पिल्लं एकमेकांवर लोळत होती, थेट ठमीच्याच तोंडवळ्याची. त्यातलं एक त्यांनी सौमित्रच्या ओंजळीत ठेवलं. ते ऊबदार होतं आणि त्याचं बोट चोखू लागलं.



बाईंनी रिकामी वाटी पुन्हा भरली आणि सौमित्रपुढे सरकवली.

“याला पाज. आणि बघ, ठमीचं पोट भरतं का.”