शिध्यातले खडे

एकदा एका नदीच्या दोन काठांवरची दोन राज्ये युद्धासाठी समोरासमोर उभी राहिली. दोन्ही काठांना जोडणारा लाकडी पूल कोणीतरी जाळला होता, आणि पुलावरून येणारीजाणारी माणसेही त्यात गेली होती. पश्चिमेचे म्हणत, हे पूर्वेचे कृत्य. पूर्वेचे म्हणत, पश्चिमेचे. अखेर दोन्ही राजांनी एवढे मान्य केले, की नदीतल्या बेटावर राहणारे वृद्ध गुरुजी द्वादशीला ज्याचे नाव घेतील, त्याच्यावर दुसऱ्याने खुशाल चाल करावी.

गुरुजींचे दोन शिष्य. थोरला पश्चिम काठचा, धाकटा पूर्वेचा. थोरल्याने कितीतरी वर्षे सेवा केली होती. पण देवापुढचा नंदादीप सांभाळण्याचा मान गुरुजींनी नुकताच धाकट्याला दिला. तेव्हापासून तो दीप देवापुढे कमी आणि थोरल्याच्या पोटात जास्त जळत होता.

साक्षी तपासण्याचे काम गुरुजींनी थोरल्याकडे सोपवले. पूर्वेकडून एक कोळी आला होता. थोरल्याने त्याला उन्हात उभे करून विचारले, "कुठून पाहिलंस? धुरात माणूस ओळखलास कसा? तुला कोणी शिकवून तर पाठवलं नाही?" पश्चिमेकडून एक परीट आला होता. "हा आमच्याच घाटावरचा," म्हणत त्याला सावलीत बसवले, पाणी दिले, आणि तो म्हणेल ते ऐकून घेतले.

एकादशीला थोरला म्हणाला, "गुरुजी, निवाडा स्पष्ट आहे. दोष पूर्वेचा."

"बरं," गुरुजी म्हणाले. "उद्या पारण्याच्या वेळी सांगू त्यांना. तोवर नैवेद्याचे तांदूळ निवडून ठेव."

आश्रमात दोन्ही काठांवरून शिधा येई, आणि प्रत्येक काठचा भात वेगळ्या भांड्यात शिजवून देवाला दाखवीत. एवढ्या मोठ्या निवाड्याच्या आदल्या दिवशी गुरुजी तांदळाचे काय घेऊन बसलेत, हे थोरल्याला कळेना. तरी तो सूप घेऊन बसला.

पूर्वेचे तांदूळ त्याने दाणा दाणा पाहिले. सापडलेला प्रत्येक खडा पानावर नीट मांडला आणि धाकट्याला हाक मारली.

"काय हो, दिवेकरी, तुमच्याकडे तांदूळ पिकतो की खडी?"

"दोन्ही, दादा," धाकटा वाती वळता वळता म्हणाला. "खडी पुलाच्या वाटेवर पसरायचो. आता पूलच राहिला नाही."

थोरल्याने सूप झटकले. पश्चिमेचे तांदूळ त्याच्या आईने पाठवले होते. ते त्याने सरळ धुवायला टाकले.

द्वादशीला नैवेद्य झाला. दोन्ही राजांचे दूत आणि दोघे साक्षीदार अंगणात ताटकळत होते. गुरुजींनी थोरल्याच्या पानावर पश्चिमेचा भात स्वतः वाढला. पहिल्याच घासाला त्याच्या दाताखाली खडा आला. दुसऱ्या घासालाही.

"निवडले नव्हतेस?"

"आईचे तांदूळ, गुरुजी. मला वाटलं, त्यात काय असणार."

"आणि हेच देवापुढे ठेवलं आपण." गुरुजींचा आवाज चढला नाही. "बाळ, पूर्वेच्या तांदळात खडे होतेच, तू ते खोटे काढले नाहीस. कोळ्याला विचारलंस तेही योग्यच. पण तेच परटाला विचारलं नाहीस. दोष दोघांचा सारखाच, असं मी म्हणत नाही. एकाचाच असेल, कदाचित पूर्वेचाच असेल. पण ज्या सुपात एकच शिधा पाखडला, त्या सुपावरून दुसरा स्वच्छ आहे हे कसं सांगायचं? तुला दीप हवा होता, मला ठाऊक आहे. त्याचा राग तू एका अख्ख्या राज्यावर काढत होतास."

थोरला अर्ध्या पानावरून उठला. अंगणात जाऊन परटासमोर बसला आणि त्याने तेच प्रश्न विचारले.

परीट पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. मग म्हणाला, "आग पाहिली, दादा. लावणारा नाही पाहिला. घाटावर सगळे पूर्वेचं नाव घेत होते, म्हणून मीही घेतलं."

थोरल्याने दूतांना हात जोडले. "निवाडा माझ्याकडून कच्चा राहिला. पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागेल, दोघांनाही. थांबाल का?"

पूर्वेच्या दूताने पश्चिमेच्या दूताकडे पाहिले. दोघेही खाली बसले.

पुढच्या एकादशीला थोरला आईचे तांदूळ घेऊन बसला. सुपाची दुसरी कड धाकट्याने धरली होती. "दादा, तो बघ एक, तुझ्या बोटाशी," तो म्हणाला, आणि थोरल्याने तो खडा निमूटपणे उचलून पानावर ठेवला.

दूरदेशीच्या युद्धाची बातमी कानी आली, की आपणही आधी आपल्या लाडक्या बाजूचे तांदूळ सुपात घ्यावेत.