दाराला दिलेले नाव

ज्या नावाने हाक मारल्याशिवाय तुमचा दिवस उगवत नाही, ते नाव कुणी तुमच्याकडे कायमचे मागितले, तर द्याल का? घाईने उत्तर देऊ नका. आधी मृदावतीची गोष्ट ऐका.

एका राज्यात माणसांना झोपेत सगळ्याचा विसर पडत असे. त्याचे कुणाला नवल नव्हते. पिढ्यानपिढ्या तसेच चालले होते. घरोघरच्या आठवणी डोंगरातल्या राजकोठारात रांजणांत भरून ठेवलेल्या असत. पहाटे प्रत्येक घरची मैना तिथे जाई, आपल्या रांजणातून चोचभर आठवण घेई आणि झोपलेल्या माणसांच्या कानात सांगे. मग आई लेकराला ओळखी, वैद्य मुळ्या ओळखी आणि राजा आपले राज्य ओळखी.

कोठाराचे शिळेचे दार परवलीच्या शब्दावाचून हलत नसे. तो शब्द एकट्या राखणदारणीला ठाऊक असे, आणि तिला एकटीलाच कधी विसर पडत नसे. दर अमावास्येला शब्द बदलायचा आणि नवा शब्द कुणाच्याही मायेचा नसावा, असा जुना रिवाज होता.

मृदावती ही राखणदारीण. ती मन लावून काम करी. पण तिची एकुलती लेक तापाने गेली, आणि त्या अमावास्येला तिने लेकीचे नाव दाराला दिले. पुढची अमावास्या आली, तिने शब्द बदलला नाही. त्याच्या पुढचीही तशीच गेली. रोज पहाटे ते नाव मोठ्याने घ्यायला मिळे आणि दार उघडे. जणू आतून कुणी ओ दिली.

डोंगरापलीकडे करालक नावाचा मांत्रिक राहत असे. हरवलेले आवाज तो शिंपल्यांत साठवी. एका संध्याकाळी राज्यातल्या मैनांसारखीच एक मैना मृदावतीच्या खिडकीत येऊन बसली आणि लेकीच्या आवाजात म्हणाली, "आई, अंधार पडला गं. हाक मार ना मला, म्हणजे वाट सापडेल."

मृदावतीच्या हातातली कणीक परातीत पडली. लेकीचे नाव घेत ती खिडकीकडे धावली. मैनेने ते नाव चोचीत घेतले आणि ती उडून गेली.

पहाटे मृदावती पोहोचली तेव्हा दार सताड उघडे होते. रांजणांची तोंडे काळ्या लाखेने बंद होती. मैना रिकाम्या चोचीने फिरत होत्या, आणि करालकाने एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी घातले होते : करालक तुमचा राजा, दुसरे कुणी तुमचे नव्हे.

दाराच्या कोनाड्यात एक म्हातारा पिंगळा, म्हणजे ठेंगणे घुबड, राही. मृदावती त्याच्यापुढे बसली. "बाबा, आता काय करू?"

"आता विचारतेस? अमावास्या येत होत्या तेव्हा तुझ्या डोक्यावर बसून ओरडत होतो."

"ऐकू येत होतं. ऐकायचं नव्हतं."

पिंगळा म्हणाला, "तीन सकाळी तेच वाक्य कानी पडलं की ते खरं होतं. तोवर तीन कामं कर. झालं ते सगळ्यांपुढे सांग. मैनांची ये-जा थांबव आणि त्यांच्यात मिसळलेली चोर मैना शोध. तिसरं आत्ता सांगत नाही. ऐकशील तर पहिली दोनही तुझ्या हातून व्हायची नाहीत."

मृदावती राजवाड्यावर गेली. राजा सुभानू पायरीवर मुकुट मांडीवर घेऊन बसला होता. राणी परक्या बाईसारखी दूर उभी होती.

"हे कुणाचं आहे, ठाऊक आहे का बाई?" राजाने विचारले.

"आपलंच आहे, महाराज."

"फार जड आहे हो."

मृदावतीने हात जोडले. "महाराज, शब्द बदलायचा होता, तो मी बदलला नाही. दार माझ्यामुळे उघडलं. करालक आपला राजा नव्हे."

"पण मैना तर तसंच सांगून गेली!" प्रधान म्हणाला.

"तोंडात घालावं तेच मैना बोलते, दादा."

राजा तिच्याकडे पाहत राहिला. "मला यातलं काही आठवत नाही. पण स्वतःवर दोष घ्यायला कुणी उगाच येत नाही." तिच्या सांगण्यावरून त्याने दवंडी पिटवली, आणि घरोघरच्या मैना पिंजऱ्यात गेल्या.

खरी मैना बोलण्याआधी माणसाच्या बोटाला एकदा चोच लावी. ही तिची सवय परक्याला ठाऊक नव्हती. मृदावती पिंजऱ्यामागून पिंजऱ्यात बोट घालत गेली. एका मैनेने चोच लावली नाही. ती म्हणाली, "आई, ओळखलं नाहीस मला?"

मृदावतीने बोट मागे घेतले.

"ओळखलं," ती म्हणाली, आणि तिने त्या मैनेवर मडके पालथे घातले. आत लेकीचा आवाज रडत राहिला. दुपारी तो थांबला.

दिवस कलला तेव्हा पिंगळ्याने तिसरे काम सांगितले. "करालकाच्या ओठांवर आणि तुझ्या ओठांवर नाव एकच आहे. त्याच नावाने त्याने लाख बसवली आहे. तू ते अग्नीला दिलंस तरच त्याचंही जळेल, आणि लाख वितळेल."

"आणि माझी लेक?"

"तिचं हसणं आठवेल, रुसणं आठवेल. नाव आठवणार नाही."

"कुणाला तरी विचारून घेईन."

"कुणालाच ठाऊक नसेल."

मृदावती दारापुढच्या कड्यावर जाऊन बसली. खाली एका अंगणात एक लहान पोर बाईच्या पदराला धरून रडत होते. बाईने पदर हळूच सोडवला आणि शेजारणीला विचारले, "कुणाचं हो हे लेकरू?"

मृदावती उठली. तिने अग्नी पेटवला आणि जेवायला बोलवावे तसे ते नाव शेवटचे घेतले. ज्वाळेने ते घेतले. म्हणूनच ते नाव मलाही तुम्हाला सांगता येत नाही.

लाख वितळली. रांजणांची तोंडे मोकळी झाली. डोंगरापलीकडे सगळे शिंपले फुटले, कोंडलेले आवाज वाऱ्यावर गेले आणि करालक मुका झाला. पिंजरे उघडले, मैना कोठाराकडे झेपावल्या आणि खऱ्या आठवणी घेऊन परतल्या. अंगणातल्या बाईने पोराला उराशी धरले. राणीने मुकुट उचलून राजाच्या डोक्यावर ठेवला.

मृदावतीने दाराला नवा शब्द दिला. तो कुणाच्याच मायेचा नव्हता. घरी येऊन तिने खुंटीवरचे छोटे परकर-पोलके काढले आणि मांडीवर घेऊन बसली. पुन्हा पुन्हा तिचे ओठ उघडत आणि मिटत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोठारापुढे उभी राहिली, तिने नवा शब्द उच्चारला आणि दार उघडले.