चाच्याचा वाटा

"…पण मग त्या सदतीस माणसांचं काय, बाबा?"

बुढणबाबा गावच्या दर्ग्यातले फकीर. दर्ग्यामागच्या कबरींवर वाढलेलं गवत ते कोयत्याने काढत होते, ते काढतच राहिले.

सगुणने हातातला कागद पुन्हा उलगडला. परदेशातल्या विद्यापीठात त्याने चार वर्षं समुद्रातल्या लुटारूंचा, चाच्यांचा, इतिहास अभ्यासला होता. तिथल्या दप्तरखान्यात, जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात त्याला ही यादी सापडली. अडीचशे वर्षांपूर्वी खडपे बंदरासमोर एक गलबत लुटलं गेलं, मग माणसांसकट बुडवलं गेलं. त्या माणसांची नावं कागदावर होती. लुटणाऱ्याचं नाव अगदी शेवटी होतं.

रायाजी चाचा. सगुणच्या घराण्याचा मूळपुरुष.

त्याच रायाजीच्या नावाने खडपे बंदरात आजही रापणीचा पहिला वाटा निघायचा. किनाऱ्यावरून जाळं ओढून झालं की आधी चाच्याचा वाटा, मग दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा. वाटे घालायचं काम बाबांचं. फकिराला स्वतःचा वाटा नसतो, म्हणून.

सगुण परत आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने गावाला सांगितलं, हा वाटा बंद करा. घराणं माझं, नाव माझ्या घराण्याचं, ते काढून टाकायचा हक्क माझा. गावाने डोकी खाजवली. शेवटी ठरलं की रविवारी रापण झाली की बैठक घ्यायची. बुढणबाबा हो म्हणाले तर वाटा बंद, नाही म्हणाले तर चालू.

आज रविवार होता.

पोहायला सगुणला बाबांनीच शिकवलं होतं. तारे ओळखायला बाबांनीच शिकवलं, आणि खोटं दिसलं की तिथल्या तिथे बोलायलाही. त्यामुळे बाबा काय म्हणतील याविषयी त्याच्या मनात शंकाच नव्हती. आणि आता ते गवत काढत बसले होते. सगुणच्या डोक्यात सणक गेली.

तो मोठ्याने वाचू लागला.

"नाखवा दाऊद. त्याची बायको. महादू सुतार…"

"महादूचा मुलगा सखा," बाबा गवतातून मान वर न काढता म्हणाले. "अत्तरवाला कासम. कासमची हलिमा, सात वर्षांची. दोघी बहिणी, त्यांची नावं नाहीत, नुसतं 'दोघी बहिणी' म्हणायचं. मग गंगाराम भंडारी…"

सगुणने कागदावर बोट ठेवलं. क्रम तोच होता.

"तुम्हाला कसं माहीत?"

"दाऊद नाखवाचा धाकटा भाऊ त्या दिवशी तापाने घरी पडून होता. तो गेला नाही म्हणून वाचला." बाबांनी मूठभर गवत बाजूला टाकलं. "त्या भावाच्या वंशातला मी. आमच्यात पोराला कलमा शिकवतात, त्याच्याबरोबर ही नावं शिकवतात. या कबरी कुणाच्या वाटल्या तुला? रिकाम्या आहेत सगळ्या. समुद्राने कुणाला परत दिलं नाही."

सगुणने कबरींकडे नव्याने पाहिलं.

क्षणभर त्याला लाज वाटली. मग राग दुपटीने उसळून आला. ज्याने तुमची माणसं बुडवली, त्याचा वाटा तुम्ही तुमच्या हातांनी मांडता? एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, जन्मभर?

"मांडतो."

"राग येत नाही?"

"येतो तर. वाटा ठेवताना मी काय पुटपुटतो असं वाटतं तुला?"

सगळ्या गावाला जे वाटायचं तेच सगुणने सांगितलं. दुआ.

"शिव्या," बाबा म्हणाले. "आजाकडून बापाकडे आणि बापाकडून माझ्याकडे आलेल्या. सगळ्या सांगत नाही, तू शिकलेला माणूस आहेस."

एरवी सगुण हसला असता. आज तो हसला नाही. तिकडे परदेशात काय चालतं ते तो सांगत सुटला. घरमालकिणीच्या साठाव्या वाढदिवसाला आलेली चांगली पोक्त माणसं, वकील, दाताचे डॉक्टर, डोळ्यावर काळी पट्टी बांधून आणि कमरेला खोटी तलवार लावून नाचत होती. दुकानात कवटीचे झेंडे, कवटीचे कप. बाहुल्यासुद्धा खुन्यांच्या. बुडवलेल्यांची बाहुली कुणी करत नाही. हलिमाची कोण करेल? त्या वाढदिवसात त्यालाही कुणीतरी पट्टी बांधली. त्याने ती तोडून केकवर फेकली आणि दुसऱ्या दिवशी खोली सोडली.

"का आवडतो रे त्यांना चाचा?" बाबांनी विचारलं.

याचं उत्तर सगुणला पाठ होतं, प्रबंधच त्यावर होता. व्यापारी जहाजांवर कप्तान खलाशांना चाबकाने फोडायचे, पगार दाबायचे, सडकं खायला घालायचे. तेच खलाशी लुटारूंना मिळाले की आपला कप्तान आपण निवडायचे. लूट जवळजवळ सारखी वाटली जायची. कुणाचा पाय गेला, कुणाचा हात गेला, तर त्याला काय द्यायचं ते निघण्यापूर्वीच कागदावर लिहिलेलं असायचं.

"म्हणजे त्याला मागावं लागायचं नाही."

"नाही."

बाबांनी कोयता खाली ठेवला.

"एवढं माहीत आहे तुला," ते म्हणाले. "आणि तरी हा वाटा बंद करा म्हणतोस."

"माहीत आहे म्हणूनच. वाटून खाल्लं म्हणून खून धुऊन निघत नाही, बाबा."

"नाहीच निघत," बाबा म्हणाले.

खालून शंख वाजला. जाळं किनाऱ्याला लागत आलं होतं. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि वाळूकडे चालू लागले. ना हो म्हणाले, ना नाही. सगुण कागद मुठीत चुरगाळत मागोमाग गेला.

दोन रांगांत चाळीसेक माणसं दोर ओढत होती. सगुण एका रांगेत शिरला. तळवे सोलवटले, पण त्याने दोर सोडला नाही. त्याला वाटत होतं, तो ओढतोय ते जाळं नाही, त्याचं सगळं घराणंच आहे आणि आज ते उन्हात येणार आहे.

बांगडा बरा लागला होता, खाली थोडी तारलीही होती. बाबांनी एक पाटी भरली. माणसांपासून वीस-पंचवीस पावलांवर, सुरूच्या बनाच्या बाजूला एक काळी खडप आहे, सपाट कातळाची, तिच्यावर नेऊन ठेवली. ओठ हलले. मग ते परत आले आणि रिवाजाप्रमाणे सगळे समुद्राकडे तोंड आणि खडपेकडे पाठ करून बसले. वाटे घालून होईपर्यंत कुणी मागे बघायचं नाही.

लहानपणी सगुणही असाच बसायचा. वाडीतल्या सगळ्या पोरांप्रमाणे त्यालाही वाटायचं की रायाजीचं भूत येऊन मासे खातं. मोठा झाल्यावर त्याने ठरवून टाकलं की कावळे आणि कुत्री खात असणार. प्रबंधात त्याने तसं लिहिलंही होतं, खाली तळटीप देऊन. पण मान वळवून त्याने कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं.

आज तो मुद्दाम खडपेकडे तोंड करून बसला.

"शिकान इलो तो उलटो बसाक काय?" म्हातारा गुंडू तांडेल समुद्राकडे बघत म्हणाला. दोघंतिघं खुसखुसले. मासे मोजणारे बाबांचे हात मात्र थांबले.

थोड्या वेळाने सुरूच्या बनातून कुणीतरी बाहेर आलं.

शेवंताकाकी. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची होडी गेली ती परत आली नाही. त्यानंतर ती स्वतः दोराला लागली होती आणि दोन गड्यांचं काम एकटी करायची, असं सगुणच्या आईने पत्रात लिहिलं होतं. मग तिला दम्याने धरलं. दोराला हात नाही, म्हणून वाटा नाही. घरी सासू आणि दोन मुली.

पदराखाली तिने पातेलं धरलं होतं. समोरच्या चाळीस पाठी बघत ती भरभर खडपेपाशी आली, वाकली, आणि तिला सगुणचा चेहरा दिसला.

ती तशीच वाकलेली थांबली.

सगुणला कुणी काही सांगावं लागलं नाही. सगळं एकदम कळलं. कुठलं भूत, कुठले कावळे. तो होता तसाच होता, मनात आलं की लगेच करून टाकणारा. तो धावत गेला. पाटी उचलून तिच्यापुढे धरली.

"घ्या, काकी. अहो, घ्या ना. मी देतो. लाजायचं काय त्यात?"

आवाज मोठा होता. चाळीस पाठींनी तो ऐकला. एकही पाठ हलली नाही.

शेवंताकाकीने पाटीकडे पाहिलंच नाही. ती सगुणकडे बघत होती.

"माका कोणी दिलेला नको," ती म्हणाली.

तिने पदर नीट केला. इतका वेळ लपवलेलं पातेलं उघडं कमरेवर घेतलं आणि वाडीच्या वाटेने सरळ चालू लागली. मध्ये एकदा धाप लागून थांबली. मागे वळली नाही.

बाबा आले. त्यांना इतकं संतापलेलं सगुणने कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याच्या हातातून पाटी हिसकावली आणि खडपेवर आदळली. बांगडे वाळूत सांडले.

"दीड वर्ष," बाबा म्हणाले. आवाज बारीक होता. "दीड वर्ष ती त्या झाडांमागे यायची आणि तशीच परत जायची. या पावसाळ्यानंतर कुठे पहिल्यांदा खडपेपर्यंत आली. तू एका क्षणात तिला घरी पाठवलंस."

"मग मला आधी सांगितलं का नाही?" सगुणचा आवाज चढला.

"सांगितलं असतं तर तिचं नाव तुझ्या कागदावर गेलं असतं, बैठकीत वाचलं गेलं असतं."

हे सगुणला झोंबलं, कारण ते खरं होतं. पण तो मागे हटणारा नव्हता. वाटा ठेवा, तो म्हणाला, दोन पाट्या ठेवा, माझाही त्यात घाला. पण पिराच्या नावाने ठेवा. देवीच्या नावाने ठेवा. जगात इतकी चांगली नावं असताना त्या खुन्याचं नाव कशाला?

"माझ्या आजाने ठेवला होता पिराच्या नावाने. त्यालाही तुझ्यासारखाच राग आला होता. तीन वर्षं ठेवला."

"मग?"

"तीन वर्षं कुत्र्यांनी खाल्ला…" बाबा वाळूतले मासे उचलू लागले. "पिराचं घ्यायचं तर हात जोडावे लागतात. खुन्याचं चोरता येतं."

सगुण उभाच राहिला. समुद्राकडे तोंड करून बसलेली माणसं तशीच बसून होती. वाटे अर्धवट पडले होते.

राग कुठे न्यावा ते त्याला कळेना. शेवंताकाकीवर काढता येईना. बाबांवर काढावा तर समोर हा म्हातारा, ज्याच्या घरातली माणसं कागदावर पहिल्याच ओळीत होती, एकेका बांगड्यावरची वाळू बोटाने पुसून पाटीत ठेवत होता. सगुणने खिशातला चुरगाळलेला कागद काढून तळहातावर सपाट केला.

"आणि हे सदतीस, बाबा? यांना मी विसरू?"

"विसरलास तर तंगडं मोडेन."

"मग आता बैठकीत वाचू की नको?"

बाबांनी शेवटचा मासा पुसला. पाटी खडपेवर पहिल्यासारखी ठेवली. ओठ हलवून ते जे काही म्हणायचं ते म्हणाले. मग सगुणकडे वळले.

"वाच. सगळे वाच, एकही गाळू नकोस. पण आज नको. आधी दोन दिवस उपाशी राहा. तिसऱ्या दिवशी कुणी दया येऊन तुझ्यापुढे ताट आणून ठेवेल, ते जेव… आणि कसं लागलं ते मला येऊन सांग."