शब्दांची वाटणी

डोंगराच्या कुशीत, जिथे धुके दुपारपर्यंत अंथरूण सोडत नसे, अशा एका गावात एक फेरीवाला राहत होता. गावोगाव सुया, दोरे, बटणे विकायचा आणि संध्याकाळी घरी परतायचा. इतर बाप मुलांना खाऊ आणत. हा एक शब्द आणायचा.

दोघे मुलगे दारातच विचारत, "बाबा, आज काय?"

"आज ‘कवडसा’," तो हळूच म्हणायचा. दुसऱ्या दिवशी कौलांच्या फटीतून उन्हाचा गोल ठिपका जमिनीवर उतरे. तो आधीही रोज येत होता, पण आता मुले त्याला नावाने हाक मारत, आणि तोही ओळख दिल्यासारखा जरा जास्त वेळ थांबे. कधी चंद्राभोवतीचे ‘खळे’ घरी यायचे, कधी पहाटेचे ‘झुंजुमुंजू’, तर कधी मनातली ‘रुखरुख’. बायको म्हणायची, "शब्दांनी चूल पेटते का हो?" पण भाकऱ्या थापताना तीही नवा शब्द एकदा पुटपुटून पाहायची.

पुढे म्हातारा-म्हातारी गेली. मुलगे शहाणे झाले, म्हणजे भांडू लागले. पंच बसले. घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, भांडीकुंडी वाटून झाली. मग थोरला म्हणाला, "आणि बाबांचे शब्द?"

पंचांनी आजवर गाई-बैल वाटले होते, शब्द कधी नाही. पण आपल्याला एखादी गोष्ट जमणार नाही, असे पंचांना वाटत नसते. त्यांनी सुपारी कातरली आणि निवाडा दिला: उजेडाचे शब्द धाकट्याला, मनाचे थोरल्याला.

शब्द बिचारे आज्ञाधारक. त्या संध्याकाळी पाखरांसारखे उठले आणि आपापल्या वाटणीच्या घरी जाऊन बसले. एका घरचा शब्द दुसऱ्या घरच्या जिभेवर येईना. थोरल्याच्या घरात ऊन यायचे, पण त्याला हाक मारणारे कोणी नसे. ते आले तसे निघून जाई. धाकट्याच्या घरात उजेड पुष्कळ होता, पण मनात काय आहे ते कुणाला सांगता येत नव्हते. धाकट्याला त्याची अडचण वाटली नाही. बरीच घरे तशीच चालतात.

मग त्याची लहानगी मुलगी जेवेनाशी झाली. मधल्या भिंतीला कान लावून बसायची आणि वाळत चालली होती. वैद्य आला.

"कुठे दुखतं गं, बाळ?"

"दुखत नाही."

"मळमळतं? जळजळतं?"

"नाही. त्याला एक शब्द आहे. पण तो काकांकडे गेलाय."

वैद्याने काढा दिला. तो कडू होता, एवढाच त्याचा गुण. मुलगी आता पाणीही नको म्हणू लागली. "काय होतंय तेच कळेना, तर औषध कसलं देऊ?" म्हणत वैद्य उठला.

भिंत बांधल्यापासून धाकट्याने भावाचा उंबरा ओलांडला नव्हता. ओलांडणार नाही, असे चारचौघांत सांगितलेही होते. त्याने मुलीचा हात हातात घेतला. हाताला वजनच नव्हते. तो उठला.

"दादा, एक शब्द हवाय."

"कुठला?"

"ते ठाऊक असतं तर तुझ्या दारात आलो असतो का?"

"मागायला आलास तरी तोरा तोच! हवाय कशाला?"

"पोर जेवत नाही रे."

थोरला चपला न घालताच निघाला.

मुलीच्या उशाशी बसून तो एकेक शब्द उच्चारू लागला. "तगमग?" तिने मान हलवली. "रुखरुख?" नाही. "धाकधूक?" तेही नाही.

"हुरहूर?"

मुलीने डोळे उघडले. "हाच!"

"कुणाची गं?"

"तुमची, काका."

थोरल्याने तिचे पांघरूण सारखे केले. "आमच्याकडे हा शब्द रोज लागतो," तो म्हणाला. "सांगायचं कुणाला, एवढंच कळत नव्हतं."

धाकट्याने तो शब्द हलकेच म्हणून पाहिला. आला. थोरल्याने घाबरून म्हणून पाहिला. त्याच्याकडेही तो होताच. देऊन टाकला तरी तसूभर कमी झाला नव्हता. दोघे भाऊ स्वप्नात असल्यासारखे एकमेकांकडे पाहत बसले, आणि मुलीने काकाच्या हातून पेज प्यायली.

काढ्याने गुण आला, असे वैद्याने गावभर सांगितले.

तात्पर्य: दिल्यावरही जे देणाऱ्याकडे उरते, त्याची वाटणी मागू नये; आणि मनातला शब्द आपल्या माणसाला वेळीच सांगावा, म्हणजे वैद्याची पायपीट वाचते.