सूर्य ओढणारा बैल

त्या राज्यात जग आपल्याच जिवावर चाललंय, असं प्रत्येकाला वाटत असे. कोंबड्याला वाटे, आपण आरवलो नाही तर उजाडणार नाही. बेडकाला वाटे, पाऊस आपणच हाकारून आणतो. मुंगी तर एक पाय जमिनीत रोवून निजे. न जाणो, धरणी कलंडली तर! हसू नका. हसणारे सगळे कुठे ना कुठे पाय रोवूनच निजतात.

घाण्याचा बैल पोवळ्या या सगळ्यांत मोठा शहाणा. त्याच्याकडे पुरावाच होता. सकाळी डोळ्यांवर झापड बांधताना सूर्य चिंचेमागे असे. संध्याकाळी झापड सुटताना माडामागे. मधल्या वेळात चालत कोण असे? पोवळ्या. मग सूर्य ओढला कुणी? बारा वर्षं त्याने एक दिवस खाडा केला नाही. गुडघा सुजून नारळाएवढा झाला, तरी नाही.

एका शुक्रवारी हसाजी तेल्याने त्याला जुन्या धन्याकडून चालवत घरी आणलं. हसाजीच्या यहुदी कुळात शनिवारी घाणा चालवत नसत. लोक त्यांना शनवार तेलीच म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोवळ्या सवयीने मान पुढे करून उभा राहिला. हसाजीने जू आणलंच नाही. पाणी ठेवलं, सुजल्या गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आज तुझाही शब्बाथ, विसाव्याचा वार, बाबा." मग उंबऱ्याशी उभा राहून, उजव्या हाताने स्वतःचेच डोळे झाकून, देव एकच आहे, असं तो हळू आवाजात म्हणू लागला.

"बकुळामावशी," पोवळ्याने दावणीच्या म्हाताऱ्या शेळीला विचारलं, "याने माझी झापड काढून स्वतःला लावली काय?"

"रोज लावतो," शेळी रवंथ करत म्हणाली. "तुझी झापड चालण्याची, त्याची थांबण्याची."

"आणि सूर्य?"

"त्याला काय धाड भरलीय?"

"डोक्यावर अडकेल की तो! सगळं करपून जाईल. तुझी ही दोन दिवसांची करडं..."

"माझ्या करडांचा एवढा कळवळा असेल, तर आधी त्यांच्यावर पाय देऊ नकोस. बस खाली, सूर्याच्या सासऱ्या!"

पोवळ्या कसला बसतोय! हिसडा देऊन त्याने दावं तोडलं आणि रिकाम्या घाण्याभोवती लंगडत चालू लागला. एक फेरा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला गुडघ्याने दगा दिला आणि तो अंगणात कोसळला. उठवेना. सूर्य तापत होता, करडं उन्हात बागडत होती, आणि पोवळ्याच्या डोळ्यांतून धार लागली. मरणार बिचारी, आपल्यापायी मरणार!

हसाजी धावत आला. रागावला नाही; शेजारी मातीत बसला.

"मालक, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पोरवयात घाण्यावर लागलो, तेव्हा पहिल्या शनिवारी तर घाणा ओरडतोय असंच वाटत होतं मला. आजोबांनी हात धरून बसवलं होतं."

"मग काय केलंत?"

"काहीच नाही. तेच तर अवघड असतं, बाबा."

हसाजी त्याच्या मानेवर हात ठेवून बसून राहिला. पोवळ्या पडल्या पडल्या बघत राहिला. उघड्या डोळ्यांनी अख्खा दिवस तो प्रथमच बघत होता. इथल्या अंगणातही उगवतीला चिंच आणि मावळतीला माड होता. सकाळी त्याची सावली माडाच्या बाजूला लांब पडली होती. दुपारी ती आक्रसत त्याच्या पोटाशी आली, तेव्हा दमलेलं एक करडू त्या एवढ्याशा गारव्यात शिरून निजलं. मग ती हळूच दुसऱ्या अंगाने बाहेर निघाली आणि चिंचेकडे लांबत गेली. पोवळ्या जागचा हलला नव्हता. त्याच्याभोवती कुणीतरी सावकाश, पावलाचा आवाज न करता, अर्धा फेरा घातला होता.

उरलेला अर्धा फेरा रात्रीच्या अंधारातून व्हायचा होता. शेळीने वळून पाहिलं, तर पोवळ्या घोरत होता.